प्रश्न आधी, विद्यापीठ नंतर: स्थलांतर आणि विकास या विषयात एमए करताना

स्थलांतर आणि आंतरराष्ट्रीय विकास या विषयातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांची नावं एकसारखी दिसतात, आतला मजकूर मात्र फार वेगळा असतो. एका ठिकाणी निम्मं वर्ष निर्वासितांच्या कायद्यात जातं, दुसरीकडे कुटुंब सर्वेक्षणांच्या आकडेमोडीत, तिसरीकडे वंश, सीमा आणि ओळख यांवरच्या वाचनात. नाव आणि क्रमवारी बघून प्रवेश घेतलेल्यांना ही गोष्ट दुसऱ्या सत्रात कळते. तोवर प्रबंधाचा विषय कळवायची तारीख जवळ आलेली असते आणि हवी ती संशोधनपद्धत शिकवणारं मॉड्यूल हातून गेलेलं असतं.

म्हणून विद्यापीठांची यादी बाजूला ठेवा. एक कोरा कागद घ्या आणि काय जाणून घ्यायचंय ते एका वाक्यात, शेवटी प्रश्नचिन्ह देऊन लिहा.

मथळ्याचा प्रश्न कसा करायचा

'रेमिटन्सचा (परदेशी गेलेल्यांनी घरी पाठवलेल्या पैशाचा) विकासावरील परिणाम' हा प्रश्न नाही, मथळा आहे. कोणी पाठवलेला पैसा, कोणाच्या हातात, किती काळात आणि विकास म्हणजे नेमकं काय, यातलं काहीच त्यात ठरलेलं नाही.

नेपाळचं उदाहरण घेऊ. तिथून आखाती देशांत आणि मलेशियात मोठ्या संख्येने तरुण पुरुष कामाला जातात. परदेशातून येणारा पैसा देशाच्या सकल उत्पन्नाच्या जवळपास पाव हिश्श्याइतका आहे. इथून खाली उतरत जा. कोण? नवरा परदेशी असलेल्या शेतकरी घरातल्या बायका. काय? जमीन पडीक ठेवायची, बटाईने द्यायची की स्वतः कसायची हा निर्णय. तुलना कशाशी? सासरच्यांसोबत राहणाऱ्या आणि वेगळी चूल मांडलेल्या बायकांमधली. आता वाक्य असं होतं: 'नवरा परदेशी असताना जमिनीचं काय करायचं हे घरात कोण ठरवतं, आणि बाई सासरच्यांसोबत राहते की वेगळी यावर ते किती अवलंबून असतं?'

हा प्रश्न पुढची बरीच कामं आपोआप लावून देतो. मुलाखती लागणार, नेपाळी भाषा लागणार, लिंगभाव आणि शेतीव्यवस्था शिकवणारा अभ्यासक्रम हवा, निर्वासित कायद्यावर भर असलेला नको. प्रश्न पक्का झाला की नाही हे तपासायची एक सोपी कसोटी आहे: उत्तर तुमच्या अपेक्षेच्या उलट आलं तरी प्रबंध उभा राहतो का? राहत नसेल, तर तुम्ही प्रश्न विचारलेला नाही, मत मांडलंय.

अभ्यासक्रम वाचायची रीत

ढोबळमानाने तीन कुळं आहेत. पहिलं सक्तीच्या विस्थापनाचं. ऑक्सफर्डचं रेफ्युजी स्टडीज सेंटर १९८२ पासून आहे आणि तिथला निर्वासित व सक्तीचं स्थलांतर यावरचा एमएससी याच घराण्यातला. कैरोच्या अमेरिकन विद्यापीठातला स्थलांतर व निर्वासित अभ्यासही याच बाजूला झुकतो. दुसरं विकास अभ्यासातून आलेलं, म्हणजे श्रम, गरिबी, शेती, शहरं यांच्या अंगाने स्थलांतर बघणारं. ससेक्स, हेगमधलं इन्स्टिट्यूट ऑफ सोशल स्टडीज आणि लंडनचं सोआस ही यातली परिचित नावं. तिसरं समाज आणि संस्कृतीच्या अंगाने जाणारं, ज्यात जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठाच्या समन्वयाखाली चालणारा एमिर हा दोन वर्षांचा संयुक्त अभ्यासक्रम येतो. आफ्रिकेतल्या स्थलांतरावर काम करायचं असेल तर जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठातलं केंद्र युरोपातल्या कुठल्याही नावापेक्षा जवळचं ठरेल. ही कुळं हवाबंद नाहीत, पण मुख्य ओढ कुठे आहे ते समजून घेतल्याशिवाय अर्ज करू नये.

माहितीपत्रकातले फोटो आणि माजी विद्यार्थ्यांचे अभिप्राय सोडा. तीनच गोष्टी बघा. सक्तीची मॉड्यूल कोणती? संशोधनपद्धतीचा वेगळा पेपर आहे का, आणि त्यात संख्यात्मक पद्धत प्रत्यक्ष करून घेतात की नुसती ओळख करून देतात? प्रबंधाला एकूण क्रेडिटपैकी किती? ब्रिटनमधली एक वर्षाची पदवी साधारण १८० क्रेडिटची असते आणि त्यातले बहुधा ६० प्रबंधाचे. युरोपातला दोन वर्षांचा अभ्यासक्रम १२० ईसीटीएसचा, म्हणजे युरोपीय पद्धतीच्या १२० क्रेडिटचा असतो. दोन्हींकडचं एक क्रेडिट सारखं नाही: ब्रिटनचे दोन म्हणजे युरोपचं एक. थेट आकडे ताडून पाहिले तर एक वर्षाचा अभ्यासक्रम दोन वर्षांच्यापेक्षा भरगच्च वाटतो, प्रत्यक्षात तो ९० ईसीटीएसचा असतो.

एक वर्ष की दोन, याचं उत्तरही प्रश्नातच आहे. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात सप्टेंबरात दाखल झालात की फेब्रुवारी-मार्चमध्ये विषय द्यावा लागतो आणि क्षेत्रकार्याला फार तर सहा आठवडे मिळतात. नवी भाषा शिकून मुलाखती घ्यायच्या असतील तर हे गणित जमत नाही. उपलब्ध आकडेवारीवर काम करायचं असेल तर एक वर्ष पुरतं.

अर्ज

उद्देशपत्राला बहुधा ८०० ते १,००० शब्दांची मर्यादा असते. पहिल्याच परिच्छेदात वर तयार केलेला प्रश्न यायला हवा. त्यानंतर हा प्रश्न हाताळायची तुमची तयारी काय (कुठलं काम, कुठली भाषा, कुठला सांख्यिकीचा पेपर), मग त्याच विद्यापीठातली कोणती दोन मॉड्यूल आणि कोणते मार्गदर्शक का हवेत, आणि शेवटी दोन-तीन वाक्यांत पुढचा बेत. पत्र फसतं ते बालपणापासून सुरुवात केल्याने, किंवा समुद्रातल्या बोटींचं हृदयद्रावक वर्णन करून 'मला विषमता मिटवायची आहे' असं म्हटल्याने. निवड समितीपुढे अशा पत्रांचा ढीग असतो. ज्या प्राध्यापकाचं नाव घ्याल त्याचे अलीकडचे दोन लेख वाचा आणि तो अजून त्याच विभागात आहे ना, हे विभागाच्या पानावर तपासा. सोडून गेलेल्या माणसाचं नाव घेतलं की बाकीचं पत्रही उसनं वाटायला लागतं.

शिफारसपत्र मागताना किमान सहा आठवडे हातात ठेवा आणि सोबत तुमचं उद्देशपत्र, गुणपत्रक व त्या शिक्षकाकडे केलेल्या कामाची आठवण करून देणारा अर्ध्या पानाचा मजकूर द्या. नाहीतर 'विद्यार्थी मेहनती व प्रामाणिक आहे' एवढंच पत्र हाती येतं, आणि त्याचा उपयोग शून्य.

शिष्यवृत्तीचं वेळापत्रक प्रवेशाच्या वेळापत्रकापेक्षा वेगळं आणि बहुधा आधीचं असतं. युरोपीय संघाच्या एरास्मस मुंडुस अभ्यासक्रमांचे अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारी या काळात घेतले जातात. शिष्यवृत्ती मिळाली तर दरमहा १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. ब्रिटिश सरकारच्या चिवनिंग शिष्यवृत्तीसाठी २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. यात अर्धवेळ आणि स्वयंसेवी कामाचे तासही धरता येतात. अनेकजण ते मोजतच नाहीत आणि आपण अपात्र आहोत असं समजून गप्प बसतात. जर्मनीच्या डाड (DAAD) या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची विकासविषयक शिष्यवृत्ती दोन वर्षांचा अनुभव मागते.

शब्द सांभाळा

मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्याला इथे हमखास ठेच लागते. आपल्याकडे 'मानवी तस्करी' या एकाच शब्दात दोन वेगळे गुन्हे बसतात. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी त्यांच्यासाठी दोन स्वतंत्र प्रोटोकॉल केले. एक ट्रॅफिकिंगचा, म्हणजे शोषणासाठी माणसाला फसवून किंवा धाकाने नेण्याविषयीचा. त्यात सीमा ओलांडलेली असायलाच हवी असं नाही. दुसरा स्मगलिंगचा, म्हणजे पैसे घेऊन बेकायदा सीमा पार करून देण्याविषयीचा. त्यात माणूस राजीखुशीने गेलेला असतो. दोन्ही एकाच शब्दाखाली ढकलले की युक्तिवाद तिथेच कोसळतो.

तसंच निर्वासित, आश्रयार्थी आणि देशांतर्गत विस्थापित यांचं. निर्वासित म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासितविषयक करारातल्या व्याख्येत बसणारा. १९६७ च्या प्रोटोकॉलने त्या करारावरची काळाची आणि भूगोलाची मर्यादा काढली. आश्रयार्थी म्हणजे ज्याच्या अर्जावर अजून निर्णय व्हायचाय. विस्थापित माणसाने आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडलेलीच नसते. 'हवामान निर्वासित' हा शब्द वर्तमानपत्रात चालतो, १९५१ च्या करारात अशी वर्गवारी नाही. आणि 'बेकायदा स्थलांतरित' न म्हणता 'अनियमित' म्हणायची पद्धत आहे, कारण बेकायदा कृती असते, माणूस नव्हे. शिवाय बरेच जण रीतसर व्हिसावर येऊन मुदत संपल्यावर थांबलेले असतात.

सिद्धांतांबद्दल थोडक्यात. १८८५ मधल्या रेव्हनस्टाइनच्या स्थलांतराच्या नियमांपासून १९७० च्या हॅरिस-टोडारो प्रारूपापर्यंत आणि पुढे कुटुंबाला निर्णयाचं एकक मानणाऱ्या १९८० च्या दशकातल्या मांडणीपर्यंत सगळं वाचावं लागेलच. मात्र टिपणं काढताना प्रत्येक सिद्धांतापुढे 'याने काय समजत नाही' असा एक रकाना ठेवा. हॅरिस-टोडारो शहरात बेकारी असूनही लोक का येतात हे सांगतं: माणूस मिळणारी मजुरी नव्हे, मिळण्याची शक्यता धरून मजुरी मोजतो. पण एकाच मजुरीच्या दोन शेजारी गावांपैकी एकच गाव का रिकामं होतं, हे त्यातून कळत नाही. तिथे नातेवाइकांची आणि मुकादमांची साखळी बघावी लागते.

पहिल्या निबंधात सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे 'विकास झाला की स्थलांतर थांबेल' हे गृहीतक. अत्यंत गरीब देशांतून परदेशी जाणाऱ्यांचं प्रमाण कमी असतं, कारण जायलाच पैसा लागतो. उत्पन्न वाढू लागलं की प्रमाण आधी वाढतं आणि मध्यम उत्पन्नाची पातळी गाठल्यावर उतरणीला लागतं. मात्र हा आकार मुख्यतः अनेक देश एकाच वेळी शेजारी ठेवून काढलेला आहे. एकच देश काळाच्या ओघात नेमका याच वाटेने जाईल असं त्यातून सिद्ध होत नाही.

आकडे हाताळताना

संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगात ३०.४ कोटी आंतरराष्ट्रीय स्थलांतरित होते, लोकसंख्येच्या ३.७ टक्के. हा आकडा प्रत्येक प्रबंधाच्या पहिल्या पानावर असतो, पण तो कसा तयार होतो हे क्वचितच कोणी बघतं.

हा साठा आहे, प्रवाह नाही. त्या वर्षी इतके लोक हलले असा त्याचा अर्थ नाही. जन्मदेशाबाहेर राहणारे इतके आहेत, एवढाच अर्थ. दोन वर्षांच्या साठ्यांची वजाबाकी करून 'या काळात इतके गेले' असं लिहू नका, कारण मधल्या काळात काही परतले, काही वारले. दुसरं, सगळे देश जन्मस्थान मोजत नाहीत. आखाती देशांत नागरिकत्व मोजलं जातं, त्यामुळे तिथेच जन्मलेलं परदेशी जोडप्याचं मूल एकदाही सीमा न ओलांडता स्थलांतरितांत मोजलं जातं. तिसरं, कधी माणसं हलत नाहीत, सीमा हलतात. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि एका प्रजासत्ताकात जन्मून दुसऱ्यात राहणारे लाखो लोक घरात बसल्या बसल्या आंतरराष्ट्रीय स्थलांतरित ठरले. निर्वासितांच्या आकड्यांत आणखी एक मेख आहे: यूएनआरडब्ल्यूए या संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टिनींसाठीच्या संस्थेकडे नोंदलेले निर्वासित यूएनएचसीआर या निर्वासितांसाठीच्या मुख्य संस्थेच्या अखत्यारीतल्या निर्वासितांच्या आकड्यात नसतात. बेरीज करताना कोणता आकडा कोणाचा, ते तळटीपेत लिहा.

पैशाच्या आकड्यांत खड्डे जास्त खोल आहेत. जागतिक बँकेच्या 'वैयक्तिक रेमिटन्स' या मालिकेत दोन गोष्टी एकत्र असतात: घरी पाठवलेला पैसा, आणि वर्षभरापेक्षा कमी काळासाठी परदेशी गेलेल्या किंवा सीमेपलीकडे रोज कामाला जाणाऱ्या कामगारांचं पूर्ण वेतन. त्या वेतनातला तिथेच खर्च झालेला भागही यात मोजला जातो. हंगामी कामगार जास्त असलेल्या देशात त्यामुळे आकडा फुगतो. उलट हवाला किंवा गावाकडे निघालेल्या मित्राच्या खिशातून आलेला पैसा यात नाहीच. आकडा अचानक वाढलेला दिसला तर लोक जास्त पाठवू लागले, की तोच पैसा हवाल्यातून बँकेकडे वळला, हे तपासल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

कोणत्या देशातून किती पैसा आला, हे तर त्याहून निसरडं. बरेच व्यवहार मध्यस्थ बँकांमार्फत जातात आणि त्या बँका अमेरिकेत असल्या की पाठवणारा देश म्हणून अमेरिकेची नोंद होते. फिलिपिन्सची मध्यवर्ती बँक आपल्या आकड्यांबरोबर हा इशारा देते. जागतिक बँकेचा देशनिहाय तक्ता मोजलेला नसून स्थलांतरितांचा साठा आणि दोन्ही देशांची उत्पन्नं यांवरून काढलेला अंदाज आहे. तो तक्ता घेऊन 'उत्पन्नातल्या फरकाचा रेमिटन्सवर परिणाम होतो' असं रिग्रेशनने (दोन गोष्टींमधला संबंध मोजायच्या सांख्यिकी पद्धतीने) सिद्ध करणं म्हणजे गाळणीत ओतलेलं पाणी गाळणीतूनच आलं म्हणून आश्चर्य करणं. दरवर्षी कोणीतरी हे करतंच.

पाठवण्याच्या खर्चाचं उदाहरण स्वतः सोडवून बघा. शाश्वत विकास उद्दिष्ट १०.क नुसार २०३० पर्यंत हा खर्च ३ टक्क्यांखाली यायला हवा. समजा २०० डॉलर पाठवले. कंपनीची फी ५ डॉलर. बाजारात एका डॉलरला १०० एकक स्थानिक चलन मिळतं, कंपनी ९७ देते. म्हणजे दरात ३ टक्के, ६ डॉलर गेले. एकूण ११ डॉलर, ५.५ टक्के. 'फी शून्य' अशी जाहिरात असली तरी ६ डॉलर गेलेलेच असतात. मुलाखतीत 'फी किती?' एवढंच विचारलंत तर यातला मोठा भाग निसटतो. पाठवलेली रक्कम आणि हातात पडलेली रक्कम, दोन्ही विचारा.

आणि तुलना जपून करा. पैसा येणाऱ्या घरांतली मुलं शाळेत जास्त जातात असं दिसलं, तरी ते पैशामुळेच असं म्हणता येत नाही. कुणाला परदेशी पाठवू शकलेलं घर आधीच थोडं बरं, थोडं शिकलेलं असू शकतं. शिवाय गावात सर्वेक्षण केलं की अख्खं घर उठून गेलेली कुटुंबं नमुन्यात येतच नाहीत.

मुलाखती आणि नीतिसमिती

माणसांशी बोलायचं असेल तर विद्यापीठाच्या नीतिसमितीची मंजुरी हवी, आणि त्याआधीची एकही मुलाखत वापरता येत नाही. अर्ज एका फेरीत क्वचित मंजूर होतो; दुरुस्त्यांसकट सहा ते आठ आठवडे धरा. समिती अडते ती सहसा त्याच दोन-तीन जागी. कागदपत्रं नसलेल्या माणसाकडून सहीचं संमतीपत्र मागितलं तर तो कागदच त्याच्यासाठी धोका होतो. तिथे ध्वनिमुद्रित तोंडी संमती मागा आणि तसं कारण द्या. दुभाषा त्याच वस्तीतला असला की भाषा जमते, पण बाईला कर्जाबद्दल बोलायचं असतं आणि दुभाषा सावकाराचा भाचा निघतो. नाव बदलणंही पुरत नाही: 'अमुक गावातली तीन मुलांची शिंपीण' एवढ्यावरून माणूस सापडतो. गाव, वय, धंदा यांपैकी काय धूसर करायचं ते आधीच ठरवा. सीमा कशी ओलांडली, दलाल कोण, हे प्रश्न तुमच्या मूळ प्रश्नाला लागत नसतील तर विचारूच नका.

एमएच्या प्रबंधाला १५ ते २५ मुलाखती पुष्कळ झाल्या. ओळखीतून ओळख काढत जाताना सुरुवात एकाच माणसापासून केली तर त्याच्याच जातीची, त्याच्याच गटाची माणसं मिळत राहतात. तीन-चार वेगळी दारं ठेवा: एक संस्था, एक प्रार्थनास्थळ, एक कामाची जागा, एक पैसे पाठवायचं दुकान. वेळेचा हिशेबही आधी करा. ५० मिनिटांच्या २० मुलाखती म्हणजे जवळपास १७ तास. तासाभराचं ध्वनिमुद्रण उतरवायला पाच तास धरले तर ८५ तास, म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त पूर्णवेळ काम. भाषांतर वेगळं.

लिहिताना

१०,००० शब्दांच्या प्रबंधाची एक चालणारी वाटणी: प्रस्तावना १,०००, आधीच्या संशोधनाचा आढावा २,०००, पद्धत १,५००, निष्कर्ष आणि चर्चा ४,५००, समारोप १,०००. बहुतेकांचा आढावा ४,००० वर जातो आणि स्वतःच्या सामग्रीला जागा उरत नाही. उपाय म्हणजे पद्धतीचं प्रकरण क्षेत्रकार्याच्या आठवड्यातच लिहून टाकायचं, मग निष्कर्ष, आणि आढावा सर्वांत शेवटी, निष्कर्षांना जेवढा लागतो तेवढाच. संदर्भ पहिल्या दिवसापासून झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवा. धोरणात्मक शिफारशी द्यायच्याच असतील तर कोणत्या खात्याने कोणता नियम बदलावा इथपर्यंत जा. 'सरकारने लक्ष द्यावे' हे वाक्य कोणत्याच परीक्षकाला नको असतं.

प्रबंध जमा झाल्यावर एक काम उरतं. मुलाखतींचे सांकेतिक क्रमांक आणि खरी नावं जोडणारी फाइल नीतिसमितीला सांगितलेल्या तारखेला पुसायची असते. ती मूळ लॅपटॉपवरून जाते, पण ईमेलमध्ये, फोनच्या बॅकअपमध्ये आणि दुभाष्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर राहते. चारही जागा तपासा.